आसराबाईंच्या आधी मी चावते

मी एक जुनी चावणारी मशीन आहे. हसू नका मित्रांनो, खरंच सांगते! जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात भागवत मिस्त्रींनी मला घडवलं. पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवतात आणि त्यावर नवा दात चढवतात, त्याला इम्प्लांट म्हणतात. इथे तेच बनतात. प्रत्येक नवा नमुना आधी माझ्या पोलादी जबड्यात येतो. मी तो दहा लाख वेळा चावते. टिकला, तरच तो माणसाच्या तोंडात जातो. आठ वर्षांत 'दमलीस का गं' असं मला कुणी विचारलं नाही, पण माझा शब्द सगळे मानायचे.

यंदा कारखाना चालवणाऱ्या राजानंद सरांनी झिजलेल्या हाडासाठी नवा, बारीक स्क्रू तयार केला. मी तो पास केला. परवानग्याही आल्या. सोमवारी तो पहिल्यांदा बसणार होता पिंपळगाव रेणुकाईच्या आसराबाईंना.

शुक्रवारी सकाळी त्या कारखान्यात दाताचं माप द्यायला आल्या आणि माझ्याशेजारच्या बाकावर टेकल्या. एवढ्यात 'कट्ट' असा आवाज झाला. चाचण्या घेणाऱ्या तृप्तीताई घाबरून माझ्याकडे धावल्या. अहो, मी तर बंद होते! आसराबाईंनी उरलेल्या दाढेनं सुपारी फोडली होती.

"मावशी, तुम्ही तर डॉक्टरांना मऊ भात खाते म्हणालात!"

"डाक्टरीनबाईला सुपारीचं कसं सांगावं? लाज वाटली. चाळीस वर्साची सवय हाय, बाई."

ताईंचा चेहराच उतरला. मऊ खाणं धरून मी तो स्क्रू भाताच्याच जोरानं चावला होता! त्यांनी लगेच माझा जोर वाढवला आणि तसलाच दुसरा स्क्रू लावला. तीन लाखांच्या आसपास टक्कन आवाज झाला. स्क्रू मानेत, म्हणजे दाताखालच्या बारीक भागात, मोडला.

"मशीनच म्हातारी झालीय," सर वैतागले. "बेअरिंग खडखडतंय तिचं. भंगारात द्या."

असा राग आला मला! पण भीतीही वाटली. खडखड तर होतीच. दोष माझाच असला तर? आणि नसला, तरी माझं कुणी ऐकलंच नाही तर? सोमवार तोंडावर आला होता.

भागवत मिस्त्रींनी माझं बेअरिंग बदललं, तेल दिलं. शनिवारी तिसरा स्क्रू चढला. एक लाख झाले. दोन लाख झाले. सर घड्याळाकडे बघत होते, ताई आकड्याकडे. मी एकही घास चुकू दिला नाही. तीन लाखांच्या जरा अलीकडे पुन्हा टक्! अगदी त्याच जागी. मग सरांनीच फोन लावून सोमवारचं रद्द केलं.

सोमवारी आसराबाई आल्याच, चिडून. "सहा वर्सं झाली, भाकर चुरून खाऊन राह्यले मी. अजून किती थांबू?"

ताईंनी मोडका स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. "मावशी, हा तुमच्या हाडात मोडला असता. आता जाड मानेचा करतोय."

आसराबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि नकळत गालावर हात ठेवला.

मित्रांनो, जुन्या मशीनला वेळेवर तेल द्या आणि ती काही सांगत असेल तर ऐका. डॉक्टरांपुढे लाजू नका, जे खाता तेच सांगा. मोडायचं ते माझ्या जबड्यात मोडू दे, मला दुखत नाही.

जाताना आसराबाईंनी कमरेची चंची सोडली. त्यातली सुपारी त्यांनी माझ्या दोन जबड्यांमध्ये ठेवली.

"घे माय," त्या म्हणाल्या, "आता तूच फोड."