चातुर्मासाएवढे आयुष्य

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी पेशी आहे. जुनी म्हणजे किती, तर चातुर्मासाएवढी! आम्हा तांबड्या पेशींचे आयुष्यच मुळी एकशे वीस दिवसांचे. आषाढी एकादशीला मी मनकर्णाबाईंच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेतून रक्तात उतरले. आज कार्तिकी आहे.

मनकर्णाबाई मूळच्या कन्नड तालुक्याकडच्या, आता लेकाकडे शहरात, गारखेड्यात राहतात. सुनेला, आशाला, दिवस गेलेले. त्या बाळासाठी बाईंनी आषाढीला नेम धरला. चार महिने पालेभाजी वर्ज्य, एक वेळ जेवण आणि पिंपळाला रोज एकशे आठ प्रदक्षिणा.

माझाही नेम त्याच दिवशी सुरू झाला. माझ्या अंगात लोह असते, त्याला प्राणवायू धरून बसतो. फुप्फुसात तो मिळाला की मी लालभडक होते. मग हृदयाच्या धक्क्याने निघायचे आणि पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन तो पोचवायचा. तिथे शरीराच्या कामातून कार्बन डाय-ऑक्साइड तयार झालेला असतो. त्यातला थोडा मी अंगावर घेते. बराचसा पाण्यात विरघळेल असा करून रक्ताच्या द्रवात सोडते. परतताना माझा रंग काळपट होतो. फुप्फुसात पोचले की तो वायू उच्छ्वासावाटे बाहेर. एवढी सगळी फेरी मिनिटाभरात!

पण मित्रांनो, पोटात लोहच येईना. माझ्या मागून आलेल्या बहिणी बारक्या, फिकट निघू लागल्या. ओझे तेवढेच, वाहणाऱ्या दुबळ्या. हृदय बिचारे धावून धावून दमायचे.

भाद्रपदात एक दिवस पिंपळाच्या एक्केचाळिसाव्या फेरीला बाई पारावर बसल्या त्या उठेनात. मी तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळीतून चालले होते, म्हणून ऐकले.

"पिंपळ रुसला गं माझ्यावर," बाई धापा टाकत म्हणाल्या.

शेजारच्या द्वारकाबाई फटकळ. "रुसला-बिसला काय नाय. तोंड बघ, हळदीवानी झालंय!"

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन सातच भरले. लोहाच्या गोळ्या दिल्या. पालेभाजी खा, दोन वेळ जेवा, जेवणावर चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही, असे सांगितले. फेऱ्याही काही दिवस बंद.

बाईंनी गोळी हातात घेतली आणि तशीच ताटाकडेला ठेवली. "नेम मोडला अन् बाळाला काय झालं म्हंजे?"

आम्ही सगळ्या त्या एका गोळीची वाट बघत होतो.

"खरं सांग, मनकर्णे," द्वारकाबाईंनी विचारले, "मेथी आवडती तुला?"

"नाय."

"शेपू?"

"वासबी नको."

"मग तू सोडलं काय गं? नावडतं सोडायचं अन् देवाला सांगायचं, बघ माझा त्याग! चहा सोडून दाखव की. जेवल्याबरोबर कप लागतो तुला."

बाई हळूच हसल्या. "लई अवघड सांगितलंस, माय."

"आत्याबाई," आशा म्हणाली, "मला बी डॉक्टरीण मेथीच खा म्हणती. दोघी मिळून खाऊ."

बाईंनी पिंपळापुढे हात जोडले, सगळे सांगितले आणि कार्तिकीपर्यंत चहा सोडला. पहिला आठवडा डोके ठणकले. पण गोळी एक दिवस चुकली नाही. हळूहळू टपोऱ्या, लालबुंद बहिणी उतरू लागल्या. दसऱ्यानंतर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तेव्हा फेऱ्या एकवीसपासून पुन्हा सुरू झाल्या.

आज द्वारकाबाई पारावर बसून मोजत होत्या. "एकशे सात... एकशे आठ!" बाईंचा श्वास शांत होता. आशा पोटावर हात ठेवून हसत होती.

"उद्या बारशीला नेम सुटला की चहाचं आधण मी ठेवते," द्वारकाबाई म्हणाल्या.

"जेवायच्या तासभर आधी ठेव गं!"

मित्रांनो, माझे अंग आता ताठरले आहे. पुढच्या एखाद्या फेरीत, पोटात डावीकडे असलेल्या प्लीहेत, मी मोडेन. पण माझ्यातले लोह वाया जाणार नाही. ते पुन्हा मज्जेत जाईल आणि एखाद्या नव्या बहिणीच्या अंगी लागेल. तुम्ही नेम जरूर करा. फक्त जेवायला बसाल तेव्हा आठवण ठेवा, की आत कोणीतरी तुमच्यासाठी न थांबता प्रदक्षिणा घालते आहे. तिच्या नावाचा एक घास घ्या.