मासा काय म्हणाला

जाळीच्या झाकणाखाली दोन सुके मासे आणि एक फोन—मासे आपले मुकाट पडलेले, फोन मात्र मधूनच उजळायचा, थरथरायचा, बशीला ढुशी द्यायचा. रोसेंदानंच त्याला तिथे झाकून ठेवलं होतं. अन्नावर माशा बसू नयेत म्हणून झाकतात, तसं... की उलट, त्यानं आपल्यावर येऊन बसू नये म्हणून?

परत उजळला. सर ओनोफ्रे, तिचे कचेरीतले साहेब. रविवारी, ऐन जेवायच्या वेळी.

बघायचं नाही. आता तसा नियमच झाला होता, बोट कंपनीच्या कचेरीत भिंतीवर डकवलेला—कचेरी सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी आलेल्या निरोपाला उत्तर दिलं नाही म्हणून कुणाला बोल लागणार नाही. तो व्हावा म्हणून सभेत सगळ्यांच्या आधी उभी राहिली ती रोसेंदाच, जी बाजारात घासाघीससुद्धा करत नाही. लोकांना वाटलं, कामाला कंटाळली असेल. खरं कारण सांगितलं असतं तर सगळे हसले असते, कारण ते कारण एक मासा होता.

तातायचा मासा. तिच्या बापानं तोंडानं पकडलेला मासा समुद्रातल्यापेक्षा चार हात लांबच असायचा, पण हा म्हणजे कळस: गळाला लागला आणि नावेसकट तातायला ओढत गिमारास बेटाभोवती फिरवत राहिला, इतका, की नावेतले कच्चे आंबे वाटेतच पिकले, मग दमला, वळला, तातायच्या डोळ्याला डोळा लावला आणि म्हणाला... एका रविवारी जेवताना ताताय हे सांगत होते, तेवढ्यात सरांचा निरोप—डुकरांचे पिंजरे कुठल्या बोटीत चढवायचे?—आणि ती बोटांनी उत्तर देत राहिली, तोंडानं ‘हं, हं’ करत राहिली. मासा बोलून गेला. परत सांगा म्हणायची लाज वाटली; उद्या विचारू म्हटलं... ताताय त्याच आठवड्यात गेले, झोपेत, कुणाला तसदी न देता. आणि मी... मी अजून त्या ‘हं’पाशीच बसले आहे.

मासा काय म्हणाला, ते आता एकट्या नानायला ठाऊक. “कानांसकट घरी असशील त्या दिवशी सांगेन,” म्हणायची आई. नियम झाल्यानंतरचा आज पहिला रविवार.

नानायनं तुरीचे दाणे, फणस आणि डुकराच्या मांसाचं कालवण भातावर ओतलं, हात पुसले. “तर इंदाय, माझ्या पोरी, तो वळला—”

थर्र.

“कोण गं दारात?”

“दारात नाही, नानाय. फोनात. आमचे सर.”

“मग जेवायला बोलाव की.”

“अगं, कामाचं विचारत असतील. उत्तर द्यायचं नाही, नियम आहे.”

“तो तुझ्या कचेरीचा. आपण जेवत असताना कुणी डोकावलं तर ‘या जेवायला’ म्हणायचं, हा माझा. फोनातल्या माणसाला पोट नसतं होय गं?”

तसं पाहिलं तर बरंच होतं. या गावात ‘या जेवायला’ सगळे म्हणतात आणि कुणी येत नाही. समोरच्यानं ‘चालू द्या तुमचं, माझं झालंय’ म्हणायचं आणि पुढं चालू लागायचं. इतकं अलगद लागणारं दार दुसरं नाही. तिनं सरांचा निरोप न वाचताच टाकलं: या जेवायला, सर.

उत्तर आलं: येतो.

येतो? हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं... इलोइलोत केस पिकलेल्या माणसाला कळू नये? मग तिनं वरचे निरोप वाचले. ‘उद्याच्या बोटीचे दोर तपासले का?’ दोर शनिवारी तपासले होते, त्यांच्याच देखत. आणि त्या रविवारचे ते पिंजरे—तेही त्यांना ठाऊक नव्हते थोडेच? बायको गेल्यापासून माणूस एकटा राहतो. तातायच्या वेळी आले होते, कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसले, उठायचं नावच घेत नव्हते...

म्हणजे जेवायच्या वेळी एका माणसाला घर खायला उठतं, म्हणून माझा मासा गेला? डोळ्यांत पाणीच आलं तिच्या, रागाचं. ‘गंमत केली, सर’ लिहायला बोटं सरसावली आणि तिथेच थबकली.

“येतायत,” ती म्हणाली.

“बघ!” नानायनं तिसरी बशी मांडलीसुद्धा.

“ते पुलापलीकडून येणार. तोवर मासा सांग.”

“छे! एवढा मोठा मासा दोनदा कोण उचलणार? पाहुणा येऊ दे.”

“नानाय!”

“आणि त्याला दारातच सांग, इथे बोटींचं नाव काढायचं नाही.”

रोसेंदानं फोन बंद करून पुन्हा माशांशेजारी निजवला. कालवण निवत चाललं. आजवर या माणसाचं काही येऊ नये म्हणून ती श्वास धरून बसायची. आता गल्लीत तीनचाकी फटफटली की मान वळत होती, आणि ती पुढं निघून गेली की—एवढा उशीर का लावतोय हा बाबा?... राग गेला नव्हता. तो तिथेच होता, तिच्या पानाशेजारी मांडी घालून बसलेला. पण आता तोही भुकेलाच वाटत होता.