भूतबंगल्यातला काळा पडदा

मित्रांनो, मी एक जुना काळा पडदा आहे. माझ्या अंगाला कुबट वास येतो, पण त्यावरून नाक मुरडू नका. एका फोटोग्राफरने मला त्याच्या अंधाऱ्या खोलीच्या दारासाठी मुद्दाम दुहेरी शिवून घेतले होते. तो आत फोटो धुवायचा, तेव्हा उजेडाची तिरीपही आत जाऊ द्यायची नाही, हे माझे काम. "पडदा असावा तर असा!" असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि मी फुशारून जाई. पुढे फोटो धुण्याचे दिवस सरले. माझी घडी माळ्यावर गेली. झुरळांनी माझ्याशी घरोबा केला, माणसे मात्र मला साफ विसरली.

एका सुट्टीत फोटोग्राफरच्या थोरल्या मुलीने मला खाली ओढले. तिला त्याच खोलीत भूतबंगला करायचा होता. पोरगी मोठी विचारी. खेळायला येणाऱ्या छोट्या मुलांच्या वेळी मला दोरीने वर बांधायचे, दिवा चालू ठेवायचा आणि सगळी खोटी भुते आधी त्यांच्या हातात द्यायची, असा तिने नियम केला. मोठ्या मुलांच्या वेळी मी खाली आणि दिवा बंद. छोटी मुले वाळू भरलेल्या हातमोज्याशी हात मिळवून खिदळत बाहेर गेली. माझ्या जन्माचे सार्थक झाले असे मला वाटले.

मग मोठ्यांची पाळी आली. थोरलीची पाच वर्षांची धाकटी बहीण हट्टाला पेटली.

"ताई, मला पण यांच्याबरोबर जायचंय."

"जा की! तुला कसली भीती? हातमोज्यात वाळू तूच भरलीस ना?"

इथेच चुकले, मित्रांनो. भूत कशाचे केले आहे हे ठाऊक असले, तरी अंधार काही कमी होत नाही. मोठी मुले आरडाओरडा करत बाहेर पळाली. धाकटी मागे राहिली. दार शोधताना तिने मला धरले आणि धडपडत माझ्यातच गुंडाळली गेली. "ताई! मला काढ!" ती किंचाळत होती. मला हात असते तर! बाहेर मुले म्हणत होती, "बघ, पडदा कसा हलवतेय! काय भारी ओरडते!" टाळ्या पडत होत्या. थोरलीही टाळ्या वाजवत होती.

धाकटीचा आवाज बसत गेला, तेव्हा कुठे थोरलीच्या टाळ्या थांबल्या. तिने मला दांडीसकट खेचून पाडले. धाकटी घामाने निथळत होती. ती रडलीसुद्धा नाही, याचे मला फार वाईट वाटले.

त्या दिवसापासून ती दिव्याशिवाय झोपत नाही. वडील मला फेकायला निघाले होते. थोरलीने त्यांना थांबवले, मला अंगणात उन्हात वाळत घातले आणि धाकटीला लांबून दाखवले.

"बघ गं, नुसतं कापड आहे."

"मला माहीत होतं कापड आहे ते," धाकटी म्हणाली. "मी तुला हाका मारत होते. तू टाळ्या का वाजवल्यास?"

मित्रांनो, भूतबंगला खुशाल करा, हवे तर मलाही न्या. पण आतून कुणी हाक मारली, तर आधी दिवा लावा. टाळ्या नंतरही वाजवता येतात.

थोरली माझ्या सावलीत बसली आणि तिने धाकटीपुढे हात केला. धाकटीने तो अजून धरलेला नाही.