ब्रेकची फेड

लीलाधर जळगावचा डाळमिलवाला. पैसा बख्खळ, ऐट त्याहून बख्खळ आणि दुखणं एकच: त्याचे सासरे, शिरपूरचे देवचंदनाना. थोरला जावई लीलाधर, पण नाना सल्ला घ्यायचे तो धाकट्या जावयाचा, देवपूरला कॉलेजात शिकवणाऱ्या कौतिकचा. बोअर कुठे मारायची? विचारा मास्तरला. म्हैस घ्यावी का? विचारा मास्तरला. लीलाधर समोर बसलेला असला, तर नाना त्याला चहा तेवढा विचारत.

म्हणून ब्याण्णव साली लीलाधरने मुंबईहून लाल स्पोर्ट्स कार आणली. परदेशी, जुनी, दोनच माणसं मावणारी. "एक तुम्ही, एक तुमची हौस," त्याची बायको सुगंधा म्हणाली, "मी आपली एस्टीने येईन."

त्या हिवाळ्यात धुळ्याबाहेरच्या विमानांच्या धावपट्टीवर एका मोटार क्लबने शर्यत ठेवली. सरळ जायचं, टोकाला ठेवलेल्या पिंपांना वळसा घालून परत यायचं, अशा दहा फेऱ्या. कौतिकने गंमत म्हणून आपली फियाट घातली. लीलाधरला गंमत परवडणारी नव्हती. त्याने अख्खी सासरवाडी बोलावली आणि पदरच्या खर्चाने मांडव घातला, तोही टोकाच्या पिंपांमागे, म्हणजे आपण अंगावर येताना नानांना नीट दिसू.

शर्यतीआधी पुण्याहून आलेल्या टोपीवाल्या पंचाने सगळ्यांना गोळा केलं. "सारखा जोरात ब्रेक दाबलात तर चार-पाच फेऱ्यांत ब्रेक फेड होतील. आधीच विचार करून ठेवा."

"आम्ही सकाळीच केली फेड," लीलाधर म्हणाला. गाडी सुखरूप यावी म्हणून बोललेला एकवीरेचा नवस त्याने शर्यतीच्याच सकाळी नारळ-पेढ्यांनी फेडला होता. पुण्याच्या माणसांनाही देवाधर्माचं कळतं, याचं त्याला कौतुक वाटलं. पंचाला वाटलं, याने ब्रेकचं तेलबिल बदललंय. "छान," तो म्हणाला. दोघंही समाधानाने पांगले.

पहिल्या तीन फेऱ्या लीलाधर सुसाट पुढे. पिंपं अगदी तोंडाशी येईपर्यंत तो पाय काढायचा नाही, मग ब्रेकवर असा उभा राहायचा की मांडवातल्या बायका किंचाळायच्या. कौतिक लांबूनच वेग कमी करायचा, गिअर खाली टाकायचा, इंजिनालाच गाडी आवरू द्यायचा आणि ब्रेकला जेमतेम शिवायचा. "मास्तर देवदर्शनाले चालनात," कोणीतरी ओरडलं. लीलाधरच्या काळजाला गारवा मिळाला.

चौथ्या फेरीत जळका वास आला. पिंपं जवळ आली, त्याने पाय ठोकला. पायडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी आपली धावतेच आहे. पुन्हा ठोकला. काही नाही. समोर मांडव, मांडवात नाना, नानांच्या हातात भरीत-भाकरी. लीलाधरने डोळे मिटले आणि चाक फिरवलं. कुठल्या बाजूला, हे त्याला आजही सांगता येत नाही.

गाडी शेजारच्या कापसाच्या वावरात घुसली आणि पऱ्हाट्यांत रुतून थांबली. शर्यत सोडून कौतिक सगळ्यांत आधी पोचला.

"लीलाधरभाऊ, लागलं का? गिअर का नाही टाकला खाली? पंच सांगत होता ना, फेड होतील म्हणून!"

"अरे, नवस तर सकाळीच फेडला!"

कौतिकने त्याला हाताला धरून गाडीबाहेर काढलं. "ते इंग्रजी फेड हो. तापले की ब्रेक मावळतात, धरतच नाहीत. गार झाले की येतात परत."

तेवढ्यात धापा टाकत नाना आले आणि त्यांनी थोरल्या जावयाला मिठीच मारली. "जवाईबुवा! गाडी वावरमा घाली, पन आम्हले बठ्ठासले वाचाडं! आज मी तुमना गाडीमा बसीसन घर जासू."

हेच ऐकायला लीलाधरने एवढा खटाटोप केला होता. पण नाना वावरातून अनवाणीच पळत आले होते, आणि त्याला एकदम लाज वाटली.

"नाना, मी काही वाचवलं नाही. मी डोळे मिटले होते."

नाना गोंधळले. त्यांनी कौतिककडे मान वळवली. "मास्तर, हाई खरं शे का?"

कौतिकने साडूच्या उतरलेल्या तोंडाकडे पाहिलं. "नाही नाना. मी पाहिलं ना, त्यांनी मुद्दामच वळवली."

"मंग वाचाडंच," नाना म्हणाले. त्यांची खात्री पटली.

लीलाधरच्या अंगाची लाहीलाही झाली. शर्यत हरला असता तर एवढं झोंबलं नसतं. त्याचं खरं खोटं ठरलं होतं आणि मास्तरचं खोटं खरं.

लोकांनी गाडी ढकलून रस्त्यावर आणली. ब्रेक गार होऊन चांगले लागत होते. नाना ऐटीत शेजारी बसले, धोतर सावरलं. लीलाधरने किल्ली फिरवली, तसा त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"निंघाना पहिले मास्तरले एक डाव इचारी ल्या."

लीलाधर उतरला आणि विचारून आला.