काळ्यावर काळी सायकल

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना साचा आहे. माझ्या अंगात सायकल कापलेली आहे. म्हणजे सायकल माझ्यात नाही, तिच्या आकाराची पोकळी आहे. मी रस्त्यावर आडवा पडतो, माझ्यावरून रंगाचा रोलर फिरतो, आणि मला उचलले की जे माझ्यात नाही तेच खाली उमटलेले असते. अशा विचित्र जन्माची सवय व्हायला वेळ लागतो.

मला कापणाऱ्या कारागिराला एक अडचण आली होती. चाकांच्या आतले गोल तुकडे गळून पडू नयेत, म्हणून त्याने ठिकठिकाणी पत्र्याच्या बारीक पट्ट्या राखल्या. त्यामुळे माझी चाके रस्त्यावर तुटक उमटत. इतर रंगारी ती तशीच सोडून पुढे जात. माझा रंगारी मात्र मला बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसे आणि ब्रशने एकेक फट भरून काढी.

"अहो, कोण बघतंय?" सोबती हसत.

"माझी लेक याच रस्त्याने जाते. तिला काय तुटक्या चाकावर पाठवू?" तो म्हणे.

त्याची लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करी आणि संध्याकाळी सायकलने घरी परते. नवा सायकल ट्रॅक झाला तेव्हा माझ्या पांढऱ्या सायकलींवरून ती घंटी वाजवत गेली. त्या दिवशी मला प्रथमच वाटले की पोकळ असण्यालाही काही अर्थ आहे.

मग भांडण सुरू झाले. रस्त्यावर गाद्यांचे एक मोठे दुकान होते. ट्रॅकमुळे दुकानासमोर गाड्या लावता येईनात.

"गिऱ्हाइकानं गादी काय कॅरिअरला बांधून न्यायची?" दुकानदार कडाडला.

"गादी तुम्ही घरपोच करता, काका," सायकलवरून न उतरताच लेक म्हणाली. "मला घरपोच कोण करणार?"

लोक हसले, दुकानदारही हसला; पण ट्रॅक रद्द झाला. रंगाऱ्याच्या साहेबांनी हुकूम सोडला, "पांढरं दिसता कामा नये." पुसण्याचे काम रंगाऱ्याच्याच वाट्याला आले. नाही म्हटले असते तर नोकरी गेली असती.

काळा रंग बेताचाच मिळाला होता, आणि त्याचा हात तर नेटका. त्याने मला पुन्हा प्रत्येक सायकलवर काटेकोर बसवले आणि माझ्यातून काळा रंग फिरवला. पांढऱ्या सायकलीवर नेमकी तेवढीच काळी सायकल. फक्त या वेळी नंतर त्याने ब्रश हाती घेतला नाही. माझ्या पट्ट्यांखाली झाकलेल्या फटी पांढऱ्याच राहिल्या. त्याचे मन होत नव्हते, की तो थकला होता, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी त्याने मला दुकानाच्या भिंतीला टेकवले; पुढचे काही दिवस मी तिथेच होतो. सूर्य रस्त्याच्या टोकाशी उतरला, उजेड तिरपा झाला, आणि मित्रांनो, त्या सायकली वर आल्या. खरबरीत, करड्या डांबरावर ते गुळगुळीत काळे आकार ओल्यासारखे चमकू लागले. चाकांच्या जागी पांढरे तुकडे उरले होते, हाडांसारखे. वारा पडला होता, तरी ती चाके फिरत असल्याचा भास होई.

"हे पुसलंय की जागवलंय?" दुकानदार पुटपुटला आणि त्याने शटर लवकर ओढले.

ज्या गाड्या आता तेथे उभ्या राहत, त्यांत बसलेल्यांना काहीच दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त उन्हाकडे तोंड करून येणाऱ्या सायकलस्वारांना. ते दुरून येत, आणि कोणी हाक मारल्यासारखे त्या काळ्या रांगेकडे वळत, गाड्यांच्या दारांना जवळजवळ घासून जात. मी भिंतीशी उभा होतो. मला ओरडायचे होते. पण पोकळीला आवाज नसतो.

काही दिवसांनी, अशाच एका संध्याकाळी, एका गाडीचे दार अचानक उघडले आणि रंगाऱ्याची लेक त्यावर आदळली. पाय मोडला.

कळताच रंगारी तिथे आला, तोवर तिला घरी नेले होते; भिंतीशी उभ्या मला उचलून तो धावतच घरी आला. ती पलंगावर होती.

"बाबा, मला ट्रॅक दिसत होता हो."

"मी पुसला होता तो, पोरी. माझ्या हातानं पुसला."

"मग मला दाखवला कोणी?"

दाराशी टेकलेल्या माझ्याकडे वळून रंगारी माझ्यातून आरपार बघत राहिला.

तो साहेबांकडे गेला. "एक तर पूर्ण खरवडा, नाहीतर परत पांढरं करा," असे विनवले. बैठक होईल, मग बघू, असे उत्तर मिळाले. बैठक अजून व्हायची आहे.

तेव्हापासून रोज दिवस कलला की तो मला घेऊन त्या रस्त्याच्या कडेला उभा राहतो. मला अंगाच्या बाजूला, हातभर लांब धरतो, उभा. अंधारून येते, गाड्यांचे दिवे लागतात आणि तो उजेड माझ्यातून आरपार जातो. समोरच्या शटरवर प्रकाशाची सायकल उमटते. दोन दिवे, म्हणून दोन सायकली. गाडी जवळ येईल तशा त्या मोठ्या होतात, शटरांवरून, खांबांवरून निःशब्द धावू लागतात. चालक दचकतात. ब्रेक लागतात. दाराच्या कडीवर गेलेला हात थबकतो.

मित्रांनो, ट्रॅक असावा की नसावा, यावर मोठ्यांनी खुशाल वाद घालावा. पण जे ठेवाल ते जपा, आणि जे पुसाल ते पुरते पुसा. अर्धवट पुसलेली वाट मरत नाही. ती हाका मारत राहते.

लेकीचा पाय आता बरा आहे. काल ती पुन्हा सायकलवर आली. गाड्या थांबल्या होत्या. शटरवर माझ्या दोन सायकली धावत होत्या, आणि त्यांच्यामागून, घंटी वाजवत, तिसरी.

"चला बाबा, घरी," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. "तू हो पुढं. मागून अजून कोणी येत असेल."