गोपालच्या उजव्या हाताला

शकुन गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडत नाही.

ऑगस्टमध्ये ती गेली. आठ दिवसांचा ताप, त्यातले शेवटचे चार दवाखान्यात. नंतर काही दिवस लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, ते मी समजू शकत होतो. पण पाच महिने झाले तरी तेच. इतवारा बाजारातली भाजीवाली पार्वताबाई आधी माझ्या हातातून वांगं हिसकावून घ्यायची, "दाबून पाहू नका" म्हणायची. आता मी कितीही दाबली तरी पाहत राहते. नांदगाव पेठेला ज्या कापड युनिटमध्ये मी फिटर आहे, तिथे मी दोनदा उशिरा पोचलो. सुपरवायझर म्हणाला, "असू द्या काका." याच माणसाने मागच्या वर्षी पाच मिनिटांसाठी मला गेटवर उभं ठेवलं होतं. चौकात कॅरम खेळायला बसलो तर समोरचा राणी माझ्यासाठी सोडतो. मुलगी अपेक्षा पुण्याहून रोज संध्याकाळी फोन करते. एकदा मी मुद्दाम म्हणालो, घर विकून टाकतो. ती म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा बाबा."

शकुन असं कधी म्हणाली नसती. एकतीस वर्षांच्या संसारात तिने माझी एकही गोष्ट तपासल्याशिवाय मान्य केली नाही. दाराची कडी लावली, असं मी सांगितलं तरी ती उठून पाहायची. बहुतेक वेळा लावलेली नसायची.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमचा फुटबॉलचा सामना असतो. अमरावती आणि अकोला, चाळिशीच्या वरचे खेळाडू, एका वर्षी इकडे, एका वर्षी तिकडे. सोळा वर्षं चालू आहे. पंच मूर्तिजापूरचा असतो, कारण मूर्तिजापूर दोघांच्या मधे पडतं. चषक वगैरे काही नाही. मैदानाच्या कोपऱ्यात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजलेले असतात, वांग्याची भाजी आणि वरण असतं, आणि जो संघ हरतो तो वाढतो. जिंकलेले पंगतीत बसतात. बरोबरी झाली तर पाहुणे आधी बसतात.

शकुनचं माहेर बाळापूर. अकोल्याच्या संघातले निम्मे लोक बाळापूरचे, म्हणून ती दरवर्षी माझ्यासोबत यायची आणि अकोल्याच्या बाजूने बसायची. तिचा धाकटा भाऊ गोपाल बारा वर्षांपासून त्यांचा गोलकीपर आहे. तो पहिल्यांदा गोलमध्ये उभा राहिला त्याच वर्षी मला पेनल्टी मिळाली. मी चेंडू ठेवला, आणि मैदानाकडेच्या लिंबाखालून शकुन ओरडली, "गोपाल, तुह्या उजव्या हाताले! तिकडंच मारते हा, दुसरं येतच नाई त्याले!" सगळं मैदान हसलं. चिडून मी दुसऱ्या कोपऱ्यात मारायला गेलो आणि चेंडू बाहेर गेला. त्यानंतर आणखी चार पेनल्ट्या मारल्या, चारही त्याच्या उजव्या हाताला, कारण माझा पाय तिकडेच वळतो. चारही त्याने अडवल्या. घरी येताना गाडीत ती विचारायची, "त्या गोलाले दुसरा कोपरा नाई का?" बडनेरा येईपर्यंत आमचं भांडण चालायचं.

आणि हरलो की मी पंगतीत वाढायचो. ती भावाशेजारी पत्रावळ घेऊन बसलेली असायची. म्हणायची, "तूप टाका ना वो. हात काहून आखडून राहिले?"

या वर्षी सामना अकोल्याला होता. जायचं नव्हतं. पण आमचा कप्तान श्याम सकाळी गाडी घेऊन दारातच आला. समोरची सीट त्यांनी रिकामी ठेवली होती. शकुनला गाडी लागायची, म्हणून ती सीट तिची असायची. मी मागे बसतो म्हणालो, तर सहाही जण म्हणाले, "नाही नाही भाऊ, तुमी समोर." मी बसलो. अकोल्यापर्यंत कोणी एकही विनोद केला नाही.

मैदानावर गोपाल भेटला. पाया पडला. बारा वर्षांत तो सामन्याच्या दिवशी माझ्या पाया पडला नव्हता. "भाऊजी, जेवून जा हो," म्हणाला. म्हणजे मी पाहुणा झालो होतो.

सामना सुरू झाला आणि मला दहा मिनिटांत कळलं की माझ्या अंगावर कोणी येत नाही. अकोल्याचे बॅक नत्थुजी साठीचे आहेत, शेतकरी माणूस. बूट घालतात पण खेळतात अनवाणी माणसाच्या रागाने. त्यांच्या लाथेची एक खूण माझ्या नडगीवर कायमची आहे. तेव्हा मी म्हटलं होतं, "नत्थुजी, मी गावचा जवाई हाये." ते म्हणाले होते, "जवाई जेवाले बसल्यावर. अठी नाई." तेच नत्थुजी आता माझ्या पायात चेंडू आला की दोन पावलं मागे सरत होते. मी चेंडू घेऊन जायचो, ते बाजूला व्हायचे. दार उघडून धरल्यासारखे.

बाकीच्यांचा खेळ नेहमीसारखा होता. ढकलाढकली, शिव्या, सगळं. मध्यंतरानंतर अकोल्याने एक गोल केला, चांगला गोल होता. एक-शून्य.

शेवटची दहा मिनिटं राहिली असतील. मी त्यांच्या गोलसमोर चेंडू घेऊन वळलो, माझाच पाय माझ्या पायात अडकला आणि पडलो. शिट्टी वाजली. पंच बापूसाहेब मूर्तिजापूरला वकिली करतात, चष्मा आहे पण दृष्टी चांगली आहे. त्यांनी हात करून पेनल्टी दाखवली.

अकोल्यातला एकही माणूस बोलला नाही. या लोकांनी सोळा वर्षांत एकही पेनल्टी पंधरा मिनिटं वाद घातल्याशिवाय दिलेली नाही. मी उठलो, अंगावरची माती झटकली. नत्थुजी कंबरेवर हात ठेवून दुसरीकडे पाहत होते.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. मनात आलं की गोपाल अडवेल, मग विषयच संपेल. ही माझी चूक, ती मी कोणावर टाकत नाही.

चेंडू ठेवला. धावत गेलो आणि नेहमीच्या जागी मारला, त्याच्या उजव्या हाताला. जोर नव्हता. गोपाल डावीकडे पडला. चेंडू गवतावरून घरंगळत आत गेला आणि जाळीलाही लागला नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अकोल्यानेही. श्यामने मला मिठी मारली. मी त्याला सोडवून गोलकडे गेलो. गोपाल हातमोज्याची पट्टी उघडत होता, पुन्हा लावत होता.

"डावीकडे काहून गेला?" मी विचारलं.

"गेलो म्हणजे? वाटलं तिकडं मारता."

"कधी मारली मी तिकडं?"

"मारली होती ना एकदा."

"ते बाहेर गेली होती. बारा वर्षं झाले."

"जाऊ द्या ना भाऊजी. गोल झाला. खुश राहा."

"तुही बहीण तुले काय सांगून गेली होती?"

तो खाली पाहू लागला. एकेक करून लोक जवळ आले.

"सांग ना. सगळ्यायसमोर ओरडली होती ते."

"उजव्या हाताले," तो म्हणाला.

"मंग?"

"मंग काय?" आता त्याचा आवाज चढला. "मंग काय करू मी? तुमी एकटे उभे हाय तठी. लिंबाखाली पाहतो तं तिची जागा रिकामी. अन् मी तुमचा बॉल अडवू? घरी माय विचारीन, जवाई आले होते, काय केलं त्यायचं? तिले काय सांगू, पोरीच्या माघारी आलेला माणूस हारवून पाठवला?"

"माही बायको मेली गोपाल. पाय नाई मेला माहा."

नत्थुजी फसकन हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मी बापूसाहेबांकडे वळलो. "अन् साहेब, ते पेनल्टी नव्हतीच. मी माह्याच पायात पडलो."

बापूसाहेब चष्मा काढून माझ्याकडे पाहत राहिले. "हे मले आधी सांगता आलं नाई? गोल झाल्यावर कबुली देणारा आरोपी मी पहिल्यांदा पाहून राहिलो."

"चुकलो."

"नत्थुजी, तुमी पाय मारला का यायले?"

"म्या? मी तं तीन हात लांब होतो."

"मंग बोलले काहून नाई?"

"जवाई हाये. म्हटलं, भेटू द्या एक पेनल्टी."

"म्हणजे मी येथी शिट्टी वाजवाले आलो का आहेर वाटाले?" बापूसाहेब लाल झाले. त्यांनी गोल रद्द केला. नियमाच्या पुस्तकात असं बसतं की नाही, मला माहीत नाही. कोणी विचारलंही नाही.

विचारलं ते श्यामने, आणि मला. "काय भाऊ! झालेला गोल वापस करून राहिले? तुमच्या घरचा हाये का तो? अकरा जण खेळून राहिलो न आमी!" तो खरंच चिडला होता. पाच महिन्यांत माझ्यावर चिडलेला तो पहिला माणूस. मी ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

गोपालने चेंडू पुढे मारला. नत्थुजी माझ्या जवळून जाताना म्हणाले, "जवाईबापू, आता पाय सांभाळा."

पाच मिनिटं झाली असतील. मी पुन्हा त्यांच्या गोलसमोर चेंडू अडवला आणि वळलो, तर नत्थुजींचा बूट सरळ माझ्या नडगीवर बसला. जुन्या खुणेच्या बोटभर वर. डोळ्यांपुढे अंधारी आली. शिट्टी वाजली, पेनल्टी.

या वेळी अकोल्याने मैदान डोक्यावर घेतलं. बॉलला मारलं, पायाला नाही. पाय रेषेच्या बाहेर होता. हा माणूस मघाशीही पडला होता, याला पडायची सवयच आहे. नत्थुजींनी आपल्या बैलजोडीची शपथ घेतली. बापूसाहेब म्हणाले, अजून एक शब्द बोलाल तर मी मूर्तिजापूरची गाडी पकडतो. मी जमिनीवर नडगी धरून बसलो होतो आणि ते सगळं ऐकत होतो. उठावंसं वाटत नव्हतं.

शेवटी उठलो. चेंडू ठेवला. लिंबाकडे पाहिलं. तिथे तीन स्कूटर उभ्या होत्या, एका स्कूटरच्या सीटवर कोणाचं तरी स्वेटर होतं. ओरडायला कोणी नव्हतं. कोपरा बदलावा असं एकदा मनात आलं. गोपाल हात पसरून माझ्याकडे पाहत होता आणि आता तो खाली पाहत नव्हता.

मी पूर्ण जोर लावून मारली. त्याच्या उजव्या हाताला.

तो उडाला. बावन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, पण उडाला. बोटं लागली, चेंडू खांबावर आपटून परत आला आणि त्याने त्यावर अंग टाकलं. तसाच पडून, तोंडात माती, तो ओरडला, "भाऊजी, या गोलाले दुसरा कोपरा नाई का वो?"

हे वाक्य तिचं होतं. ती हे मला गाडीत म्हणायची, आणि भावाला सांगायची की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

एक-शून्यने हरलो. पंगत बसली. श्यामने वरणाची बादली घेतली, मी तुपाचं भांडं घेतलं आणि लंगडत वाढत गेलो. गोपालच्या शेजारी, जिथे ती बसायची, तिथे नत्थुजी बसले होते. त्यांनी रोडगा फोडून मधे खळगा केला होता. मी तूप सोडलं.

"अजून," ते म्हणाले.

"लाथ मारून वर तूप मांगता?"

"लाथ बॉलले मारली होती," ते म्हणाले.

गोपालच्या पत्रावळीत वाढताना माझा हात थोडा थांबला. त्याने वर पाहिलं. मी भरपूर तूप टाकलं आणि पुढे गेलो.

परत येताना समोरच्या सीटवर श्याम बसला. "तुमच्यापायी हारलो, तुमी मागं बसा," म्हणाला. मी मागे बसलो. बोरगावपर्यंत तो मला बोलत होता, मग बाकीचेही बोलायला लागले. मूर्तिजापूरनंतर एकेक जण झोपला. बडनेरा आलं तेव्हा मीच तेवढा जागा होतो.

सात वाजता घरी पोचलो. अपेक्षाचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, रद्द झालेला गोल आणि नंतरची पेनल्टी. ती मग म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटलं ते केलंत बाबा." मी हो म्हणालो. तिने जेवण विचारलं, मी रोडगे खाल्ल्याचं सांगितलं. फोन ठेवला.

नडगी चांगलीच सुजली होती. हळद गरम करून लावली. फडकं बांधायला दुसरं माणूस लागतं, गाठ नीट बसत नाही. कशीतरी बांधली आणि दिवा बंद करून पडलो.

कडी लावली, असं मला नक्की आठवत होतं. तरी उठलो आणि भिंतीला धरून दारापर्यंत गेलो.

लावलेली नव्हती.