शालूबाईंचा ठराव

चंदगडच्या वरच्या अंगाला एका वाडीत महिलांची दूध संस्था आहे. शालूबाई तिच्या चेअरमन. जिल्ह्याच्या दूध संघाची निवडणूक लागली, तेव्हा संस्थेने मतदानाचा ठराव त्यांच्याच नावाने केला. म्हणजे एकशे बारा बायकांच्या वतीने एक मत, आणि ते शालूबाईंच्या हातात.

मतदान अकरा दिवसांवर आलं तेव्हा सयाजी गाडी घेऊन दारात आला. सयाजी हा सत्ताधारी पॅनेलचा तालुक्यातला माणूस. "मावशी, बॅग भरा. नेपाळला जायचं हाय. पासपोर्ट लागत न्हाय, मतदान कार्ड तेवढं घ्या."

शालूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. मागच्या खेपेला दुसऱ्या संस्थेचा ठराव त्यांच्या दिरांकडे होता, ते गोव्याला जाऊन आले होते. काळजी होती ती म्हशीची. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागत नसे.

"मी बघती की," सून अनुजा म्हणाली. "जावा तुमी. इमानात परत कवा बसणार?"

कोल्हापुरात सगळ्या तालुक्यांचे ठरावधारक गोळा झाले. गाड्या आधी जोतिबावर गेल्या. तिथं प्रत्येकाच्या मुठीत गुलाल देऊन, मत पॅनेललाच देईन, अशी शपथ घ्यायला लावली. शालूबाईंनीही घेतली. मग पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू, पुढं बसने पोखरा. हॉटेलात सयाजीने सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत जमा केले. इथं रेंजच नाही, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या मोबाईलवर मात्र तो दिवसभर बोलत असे.

तळं बघून झालं, नावेत बसून फोटो झाले. पाचव्या दिवशी शालूबाईंना सवयीने पहाटे जाग आली. दारावर बसवलेला माणूस खुर्चीत पेंगत होता. त्या बाहेर पडल्या. वळणावर दहाबारा बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. फॅट बघायचं मशीन अगदी वाडीतल्यासारखं. शालूबाईंचे पाय तिथंच थांबले.

"हमारा भी डेअरी है. मैं चेअरमन," त्यांनी शेजारच्या बाईला सांगितलं.

बाई त्यांच्याच वयाची होती. तिला आनंद झाला. "घूमने आयी हो?"

"न्हाय, डेअरीका चुनाव है."

"कहाँ?"

"हमारे गाव. कोल्हापूर."

बाई गोंधळली. "चुनाव उधर है, तो आप इधर क्यों?"

"वो लोग लेके आये. जिनको मत देना है, वो."

"क्यों? आप भाग जातीं क्या?"

ती थट्टा करत नव्हती. शालूबाई हसल्या. तेवढ्यात बाईचा नंबर आला आणि ती किटली उचलून पुढे गेली.

हॉटेलच्या दारात सयाजी उभा होता. "मावशी, न सांगता कुठं गेलतासा?"

छप्पन्न वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. नवरा असतानाही नाही. त्या सरळ वर गेल्या. त्या दिवसापासून मात्र त्या बघू लागल्या. दोन वेळा सरपंच झालेला माणूस तंबाखू आणायला जाऊ का म्हणून विचारत होता. घरी फोन लावायचा तर सयाजीसमोर लावायचा, आणि स्पीकरवर. आधीही हे असंच चाललं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं, इतकंच.

मतदानादिवशी सगळ्यांना परत आणलं, आणि पुण्याहून बस थेट केंद्रावर आली. सगळ्यांना एका रंगाच्या टोप्या वाटल्या होत्या. समोरून दुसऱ्या पॅनेलची बस आली. त्यांच्या टोप्यांचा रंग वेगळा, पण तीही माणसं दहा दिवस घराबाहेर राहून आलेली, तशीच शिणलेली. शालूबाईंनी टोपी काढून सीटवर ठेवली.

"मावशी, टोपी!"

"मत देती की. गुलाल उचललाय मी. टोपीची शपत न्हवती घेतली."

त्यांनी शपथेप्रमाणे मत दिलं आणि स्टँडवर जाऊन चंदगडची एसटी धरली. सयाजीचं पॅनेल थोडक्या मतांनी निवडून आलं.

घरी म्हैस आटली होती. "चार दिवस लाथा झाडल्या तिनं. मग पान्हाच सोडंना," अनुजा रडवेली होऊन म्हणाली. शालूबाईंनी आठवडाभर प्रयत्न केला. त्या वेताला ती पुन्हा दुधावर आलीच नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी संस्थेच्या सभेत ठराव मांडला. इथून पुढं मत कुणाला द्यायचं ते सगळ्या बायकांनी सभेत ठरवायचं. ज्या बाईच्या नावाने ठराव होईल तिने मतदानापर्यंत गावातच राहायचं, आणि मतदानाला एसटीने जायचं.

"तुमी इमानात बसून आलासा," धोंडुबाई म्हणाली. "आता आमची पाळी आली, तर एसटी व्हय?"

सभा हसली. शालूबाईंनी हा विचार केला नव्हता. "तुझं खरं हाय," त्या म्हणाल्या. "ह्यात तुमाला काय मिळणार न्हाय. तरी बी मांडती." हात वर करायला सांगितलं तेव्हा एकसष्ट हात वर आले, ठराव मंजूर झाला. धोंडुबाईचा नव्हता.

सयाजी चार दिवसांत आला. सभेच्या नोंदींचं प्रोसिडिंग बुक मागवून घेऊन त्याने तो ठराव दोनदा वाचला.

"पाच वर्सांत काय बी हुतंय, मावशी. कोण असंल, कोण नसंल."

"व्हय की," शालूबाई म्हणाल्या.

त्याला चहा दिला. तो पिऊन गेला. संध्याकाळच्या संकलनाची वेळ झाली होती, बायका किटल्या घेऊन येऊ लागल्या होत्या. शालूबाईंनी प्रोसिडिंग कपाटात ठेवलं आणि मशीन सुरू केलं.